मदत हवी आहे: विणकामाचे वर्ग घेते, पण स्वतःचा स्वेटर पाठीवरच अडकलाय

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला दोन सुयांवरच्या विणकामाचे वर्ग घेते. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी ३ ते ५. आठ जणी आणि एक निवृत्त काका. (काकांचा हात सगळ्यांत सफाईदार आहे. हे इथेच लिहिता येतं, वर्गात बोलायची सोय नाही.)

गेल्या दिवाळीत बाबांसाठी पुढून उघडा स्वेटर विणायला घेतला. मरून रंग, ८ नंबरच्या सुया, पाठीवर दोन वेण्या. आता दुसरी दिवाळी तोंडावर आलीय आणि पाठ १४ इंचांवर थांबलीय. पुढचे दोन्ही भाग, बाह्या, गळपट्टी सगळं बाकी. बाबा काही बोलत नाहीत. फक्त सकाळी फिरायला निघताना कोपरावर विरलेला जुना स्वेटर माझ्यासमोर जरा सावकाश घालतात.

आठवड्यातून चार तास सुया हातात असतात, पण त्या दुसऱ्यांच्या. कुणाचा टाका गळलाय, कुणी सुलटच्या जागी उलट घातलाय, कुणाचे ६० टाक्यांचे ६७ झालेत. म्हणून मी स्वतःचं काम वर्गात न्यायला लागले. सगळ्या माना खाली घालून विणत असल्या की आपल्याही दोन-चार सुया (म्हणजे ओळी) होतील असा हिशोब. झालं उलटंच.

वेणी सहा टाक्यांची, दर आठव्या सुईला पीळ. मोजत असते आणि 'ताई, हे बघा ना' अशी हाक येते. परवा घरी उजेडात पाहिलं तर एक पीळ सहा सुयांनी आलाय, त्यापुढचा दहा सुयांनी. त्यात मरून रंग, संध्याकाळी टाके दिसतात कुठे!

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. घरी माझे १० सेंमीत २२ टाके बसतात. वर्गात बोलत बोलत विणलेल्या पट्ट्यात मोजले तर २०. पाठीवर १०० टाके आहेत, म्हणजे घरी विणलेली पाठ साधारण साडेपंचेचाळीस सेंमी आणि वर्गातली ५०. एकाच पाठीला मध्येच पोट सुटलंय. मुलींना पहिल्या दिवशी 'आधी नमुना विणून मोजा' म्हणून दटावणारी मीच.

शिकवणाऱ्या इतर कुणी असाल तर सांगा, स्वतःचं काम पुढे कसं नेता? वर्गात काय नेता आणि काय नेत नाही? आणि या पाठीचं काय करू?

— लोकरीचागुंडा

उलटसुलट: पिळांसाठी उसवू नका. वेणीचे तेवढे सहाच टाके सुईवरून सोडून चुकलेल्या पिळापर्यंत खाली उतरवा आणि जोडसुयांवर (दोन्ही टोकं टोकदार असलेल्या) परत वर विणत या. बाजूचे टाके जागेवर राहतात. पुढच्या वेळी पीळ घातला की त्या ओळीतल्या टाक्याला रंगीत दोरा अडकवा, म्हणजे मोजणी डोक्यात ठेवावी लागत नाही. मात्र सैल-घट्टचा प्रश्न याने सुटणार नाही. लोकर कोणती आहे? शुद्ध लोकर असेल तर ओली करून मापात पसरली की थोडा फरक जिरतो. ॲक्रिलिक तसं ऐकत नाही.

लोकरीचागुंडा: ॲक्रिलिकच आहे. बाबांना लोकर टोचते.

दुपारचीचहा: वर्गात ९ नंबरची, म्हणजे एक नंबर बारीक सुई वापरा, घट्ट येईल.

उलटसुलट: नको हो. आज बडबड जास्त, उद्या कमी; हात रोज तेवढाच सैल पडेल याची काय खात्री?

सोलापूरकरीण: पंधरा वर्षं शिकवतेय. माझा एकच नियम आहे, वर्गात सुरू केलेलं वर्गातच संपवायचं. त्याची पिशवी वेगळी, ती घरी उघडायची नाही. सगळंच सैल आलं तर ते सैल दिसत नाही. मफलर, सगळ्या सुया सुलट, फिका रंग, मोजायचं काही नाही. मध्येच ठेवून उठलं तरी बिघडत नाही. आणि शिकवताना जे चौकोन विणून दाखवता ते फेकता की काय? सगळे ४० टाक्यांवर, एकाच जाडीच्या लोकरीचे विणा. माझं एक पांघरूण असंच झालंय, त्यात मुद्दाम गाळलेले टाकेसुद्धा आहेत.

लोकरीचागुंडा: चौकोन पिशवीभर पडलेत, पण हाताला येईल त्या लोकरीचे. एक जाड, एक सुतासारखा. आजपासून ठरवून विणते. पण मग बाबांच्या स्वेटरला वेळ कुठून काढू?

सोलापूरकरीण: वर्गाच्या दिवशी त्याला हात लावूच नका, बोटं थकलेली असतात. उरलेल्या पाच दिवसांत सकाळी चार-चार सुया. आठवड्याच्या वीस होतात, म्हणजे अडीच पीळ. थंडी संपायच्या आत पुढच्या भागांना लागाल. दोन्ही बाह्या मात्र लांब गोल सुईवर (दोन टोकं लवचीक दोरीने जोडलेली असतात ती) दोन गुंड्यांनी एकदमच विणा, नाहीतर दुसरी बाही पुढच्या दिवाळीवर जाईल.

लोकरीचागुंडा: काल ८ इंचांपर्यंत उसवली. पोट तिथूनच सुटलं होतं. मी ओढत होते आणि बाबा समोर बसून गुंडा करत होते. 'आता नवीन पद्धत का?' एवढंच म्हणाले. उसवलेली लोकर पार कुरळी झालीय. लडी करून, भिजवून, वाळवून मग विणू की तशीच चालेल?