मदत हवी आहे: घोडीची नाडी 64 च्या खाली येत नाही, व्हेट चेकला बाद होईल का?

नमस्कार मंडळी. मी निपाणीजवळचा. आठ वर्षांची काठेवाडी घोडी आहे, चांदणी. घरात घोडा पूर्वीपासून, पण तो गाडीच्या शर्यतीचा. एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची घोडदौड, आमच्याकडं कुणाला माहीत नाही. पुढच्या महिन्यात 40 किलोमीटरच्या राइडला नाव घातलंय. आल्यावर 15 मिनिटांत नाडी मिनिटाला 64 किंवा त्याखाली यायला पाहिजे, नाहीतर व्हेट चेकला, म्हणजे घोड्याच्या डॉक्टरांच्या तपासणीत, बाद, असा नियम कळवलाय.

रविवारी वेदगंगेच्या काठानं 20 किलोमीटर दुडकीवर सराव केला. खोगीर उतरवून स्टेथोस्कोप लावला. 15 मिनिटांनी 136! घाबरून दुसऱ्या दिवशी पहाटे ठाणावर मोजली, तर 76. चारा खाते, लीद व्यवस्थित, ताप 100. डॉक्टर म्हशीच्या कॉलवर अडकलेत. हृदयाचं काही असेल का?

आणि मामा म्हणतात, तापल्या घोड्यावर गार पाणी टाकलं की अंग धरतं. म्हणून नुसतं पुसलं.

उत्तर
दादा, हृदयाचे लब-डब असे दोन आवाज येतात; मोजताना लब एक आणि डब दोन असं धरलंत का? दोन्ही मिळून एकच ठोका. उभ्या घोड्याची नाडी साधारण 28 ते 44 असते, म्हणजे तुमची 76 ही 38 असणार. डाव्या कोपराच्या मागं लावा, 15 सेकंद मोजा, चारनं गुणा. 16 ठोके म्हणजे 64.

पण मग रविवारची 68 निघते, तीही जास्तच. शेवटचा किलोमीटर उतरून चालवत आणा, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल करा. आणि पाणी टाकाच! मान, पोटाखाली, मांड्यांच्या आत, थांबू नका. गार पाण्यानं काही होत नाही, हे बघून झालंय. मामांना माझा नमस्कार सांगा.

डॉक्टर नाडीवर थांबत नाहीत. हिरडी दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की बसते का, पोटाचा आवाज, पाठ, तंगाखालची जखम, सगळं बघतात. मग हातात धरून पळवायला लावतात, लंगडते का बघायला. कधी 40 मीटर जाऊन-येऊन पळवतात आणि पळायला लागल्यापासून मिनिटभरानं नाडी परत मोजतात. वाढलेली दिसली की घोडा थकलाय. आणि सरावात कधी लघवी कॉफीसारखी दिसली, मागचे पाय ताठले, तर एक पाऊलही चालवू नका, तिथंच डॉक्टर बोलवा.

धागाकर्ता
लाज वाटली राव. दोनच मोजत होतो. आज तेवढंच अंतर, पाच बादल्या पाणी, 12 व्या मिनिटाला 15 सेकंदांत 15. मामा ओट्यावरनं ओरडत होते, आता बोलत नाहीत.

आता दुसरं. हातात धरून पळवायला गेलो की चांदणी पाय रोवून उभी राहते, मीच पुढं पळतोय. हे कसं शिकवायचं?