कोलामीवर काम करायचंय: एम.ए. मराठी की भाषाशास्त्र?

केळापूरकर
नमस्कार मंडळी. बी.ए. मराठी झालंय, मुक्काम नागपूर. यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यातल्या कोलाम आदिवासींच्या कोलामी भाषेवर पुढे काम करायचा विचार आहे. एम.ए. मराठी करून पीएच.डी.ला कोलामी घ्यावी, की आताच भाषाशास्त्राकडे वळावं? रेकॉर्डिंगला मोबाइल पुरतो का? लिहायचं कोणत्या लिपीत? एखादी सरकारी योजना असेल तर तीही सांगा.

धंतोली_कट्टा
भाषाशास्त्र. एम.ए. मराठीत भाषाविज्ञानाची एखाददुसरी पत्रिका असते, तेवढ्यावर कोलामीचं व्याकरण उभं राहत नाही. कोलामी द्राविडी कुळातली. मराठीचे लिंग-विभक्तीचे साचे तिच्यावर बसवायला गेलं की पहिल्याच प्रकरणात घोळ होतो.

आधी आपल्या विद्यापीठाच्या भाषाशास्त्र विभागात चौकशी करा. बाहेर पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे, अमरकंटकच्या आदिवासी विद्यापीठातही भाषाशास्त्र आहे. अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याची स्वतंत्र पत्रिका आहे का, ते सगळ्यात आधी बघा. अनोळखी भाषा बोलणारा माणूस समोर बसवून सत्रभर काम करून घेतात, तिथे प्रवेश घ्या. क्षेत्रकार्याच्या नुसत्या नोट्स मिळत असतील तर पैसे वाचवा.

योजनेचं म्हणाल तर म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेची 2013 पासूनची लुप्तप्राय भाषांची योजना 10,000 पेक्षा कमी भाषकांच्या भाषांसाठी आहे. जळगाव जामोदकडची निहाली त्यात बसते. कोलामीचे भाषक 2011 च्या जनगणनेत सव्वा लाखाच्या वर, म्हणून ती बाहेर. युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या यादीत मात्र ती आहे. म्हणजे आकडा मोठा आणि बोलणारी लेकरं कमी, अशा भाषेला विचारणारं कोणी नाही.

विषय नोंदवण्याआधी जुनं काम चाळा: भारताच्या भाषिक सर्वेक्षणाचा चौथा खंड (1906) आणि भाषाशास्त्रज्ञ एमेनोंचं 1955 चं कोलामीवरचं पुस्तक, जे वर्धेकडच्या बोलीवर आहे. तेलंगणातली कोलामी वेगळी पडते. तुमचं पोड (कोलामांची वस्ती) कोणत्या बाजूचं, हे पहिल्या पानावर यायला हवं.

टेपवाला
मोबाइल अडीअडचणीला ठीक. तो आपल्या मनाने आवाज 'स्वच्छ' करतो आणि त्यात शब्दाच्या शेवटची बारीक व्यंजनं जातात. व्हॉट्सअॅपवरून मागवलेला आवाज तर ध्वनिविश्लेषणाला घेऊच नका. साधा रेकॉर्डर, कॉलरचा माइक, वेव्ह फाइल, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, मोनो. तासाला साधारण 520 एमबी होतात. कार्ड त्या हिशेबाने घ्या आणि गाव सोडण्याआधी दोन ठिकाणी प्रत करा.

पंखा बंद. टिनाच्या खोलीत आवाज घुमतो, त्यापेक्षा ओसरी बरी. प्रत्येक शब्द तीनदा म्हणवून घ्यायचा. पहिल्यांदा माणूस जपून बोलतो, तिसऱ्यांदा सूर खाली पडतो, म्हणून मधला मोजमापाला धरायचा. यादीत आधी अवयव, नाती, घरातल्या वस्तू. 'प्रेम', 'विचार' असले शब्द पहिल्या दिवशी विचारले की उत्तर मराठीतच येतं.

आणि हिंदीतून विचारू नका. 'हम'मध्ये 'आम्ही' आणि 'आपण' दोन्ही गडप होतात. हा फरक टिपायला मराठी माणसाला फुकटची सोय आहे. कोरकू घेतलीत तर त्याही पुढे जावं लागेल, तिथे आम्ही दोघं, आपण दोघं, आम्ही सगळे, आपण सगळे असे चार वेगळे शब्द आहेत.

रेकॉर्डिंग ऐकून उतरवायला एलान, कोशाला फ्लेक्स, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. एलानच्या फाइलमध्ये आवाज नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो. वेव्ह फाइलचं नाव किंवा फोल्डर बदललं की जोडणी तुटते. नावं पहिल्या दिवशीच ठरवा: भाषेचा कोड, तारीख, गाव, क्रमांक, मध्ये मोकळी जागा नाही. एका मिनिटाच्या गप्पा उतरवायला सुरुवातीला तासभर सहज जातो. पन्नास तास जमवून ठेवण्यापेक्षा पाच तास पूर्ण उतरवलेले कामाचे.

दिवाळीनंतर जाऊ नका, कापूस वेचणीत कोणाला सवड नसते. मे महिना तेंदूपत्त्याचा. ज्याचा दिवस घ्याल त्याला त्या दिवसाची मजुरी द्या.

वाकडा_काना
लिपी देवनागरीच ठेवा, शाळेतली पोरं तीच वाचतात. कोलामीत ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगवेगळे आहेत. त्यासाठी युनिकोडमध्ये ऎ, ऒ आणि त्यांच्या मात्रा आहेत, पण मराठी कळफलकावर सहसा सापडत नाहीत, म्हणून कळफलक आधी बनवून घ्या. दुसरा खड्डा च-ज चा. मराठी वाचणारा 'चमचा'चा की 'चंद्र'चा, हे सवयीने ठरवतो. अनोळखी शब्दात ती सवय कामाची नाही. एका उच्चाराला नुक्ता (अक्षराखालचं टिंब) द्या आणि नियम कोशाच्या पहिल्या पानावर छापा.

गोंडीत यापेक्षा जास्त वेळ जातो. तिच्या दोन लिपी: मसराम लिपी 1918 ची, युनिकोडमध्ये 2017 ला आली. गुंजाळा लिपी युनिकोडमध्ये 2018 ला. फॉन्ट दोन्हींचे आहेत. तरी कोणती लिपी, यातच बैठका संपतात आणि वाचायला पुस्तक तयार नसतं.

केळापूरकर
खूप आभार. एक राहिलं. हे सगळं केल्याने भाषा टिकते का, की नुसता प्रबंध होतो?

पोडावरची_शाळा
नुसता प्रबंध होतो. वर इतकी चांगली माहिती आली, पण सगळी भाषेची नोंद करून ठेवण्याची आहे. टिकवणं हे वेगळं काम आहे.

आधी पोडावर घरोघर तीन रकाने भरा: आजी नातवाशी, आई लेकराशी, लेकरं आपसात कोणत्या भाषेत बोलतात. विचारू नका, बसून ऐका. विचारलं तर सगळे 'कोलामीच बोलतो' म्हणतात. दुसरा रकाना मराठीत गेला असेल तर कोशाआधी अंगणवाडीकडे वळा. हवाईत 1984 मध्ये तिथल्या मूळ हवाईयन भाषेची पहिली बालवाडी निघाली आणि भाषेचं महाविद्यालय 1997 मध्ये. आपल्याकडे उलटं चालतं. गडचिरोलीत मोहगावच्या गोंडी शाळेला ग्रामसभांनी हात घातला, विद्यापीठाने नाही.

ज्या तरुणांना कळतं पण बोलता येत नाही, त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियात 1992 पासूनची गुरू-शिष्य पद्धत बघा. एक म्हातारं माणूस, एक शिकणारा, आठवड्याला 10 ते 20 तास, स्वयंपाक-शेतीची कामं करत, आणि त्या वेळात दुसरी भाषा तोंडातून काढायची नाही. अडलं तर हातवारे. ही जोडी मोडते ती बहुतेक शिकणाऱ्याने मराठीत 'म्हणजे काय?' विचारल्यावर. म्हणून 'हे काय आहे', 'परत सांग', 'हळू बोल' ही वाक्यं पहिल्या आठवड्यातच कोलामीत पाठ करून घ्या.

देवाची गाणी रेकॉर्ड करण्याआधी कोणाला ऐकवायची, ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. मोठा प्रबंध विद्यापीठाला द्या, पोडावर चित्रांचं चाळीस पानी पुस्तक आणि आवाजाचं कार्ड. तेवढा खर्च शिष्यवृत्तीच्या अर्जातच धरा, नंतर कोणी देत नाही.