कथेतले बापलेक : वाचनाचे-लेखनाचे अनुभव लिहा

काल शाहनाम्यातलं (फिरदौसीचं फारसी महाकाव्य) सोहराब-रुस्तम, म्हणजे एकमेकांना न ओळखता लढलेल्या बापलेकांची गोष्ट, पुन्हा हाती आलं आणि लहानपणी ऐकलेली ती गोष्ट जशीच्या तशी वर आली. म्हणून हा धागा. बापलेकांची गोष्ट वाचताना किंवा लिहिताना काय जमतं, काय फसतं, ते लिहा.

सुरुवात मी करते. बाप रुस्तम निघताना बायको तहमीनेकडे एक मोहरा, म्हणजे ओळखीचा मणी, देतो: मुलगी झाली तर केसांत माळ, मुलगा झाला तर दंडावर बांध. मोहरा सुरुवातीलाच वाचकाला दाखवलाय, पण लढाईत तो चिलखताखाली जातो. मग ओळख पटायच्या संधी एकेक करून हुकतात. मुलगा सोहराब कैद केलेल्या इराणी वीर हजीरला तंबू दाखवून विचारतो, हजीर रुस्तमचं नाव लपवतो. सोहराब थेट रुस्तमलाच विचारतो, तो नाकारतो. कुस्तीत सोहराब त्याला पाडतो, तर 'दुसऱ्यांदा पाडल्यावरच मारायची रीत आहे' असं सांगून बाप सुटतो. सोहराबला बापाचा खंजीर बसल्यावर मोहरा दिसतो. या हुकलेल्या संधी काढल्या तर उरतो निव्वळ योगायोग, आणि त्याला कोणी रडत नाही.

रानमोगरा
आणि जीव वाचवणारं औषध, नोशदारू! इराणचा राजा कैकाऊस ते वेळेवर देत नाही. फारसीत म्हणच आहे, सोहराब मेल्यावर नोशदारू.

पाणपोई
याची उलटी बाजू आपल्याकडे महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात. बभ्रुवाहन बापाला नम्रपणे सामोरा येतो, तर अर्जुन चिडतो: लढत का नाहीस? सावत्र आई उलूपी मुलाला लढायला उठवते, अर्जुन पडतो, मग तीच मण्याने त्याला उठवते. इथे ओळख पहिल्यापासून आहे, अडचण वेगळीच आहे. मुलाने वाकू नये, भिडावं, हे बापालाच हवंय. ओळख लपवण्यापेक्षा हे लिहायला अवघड.

उंबरठा
ययाती राहिला की. आदिपर्वात तो आपलं म्हातारपण देऊन मुलांकडे तारुण्य मागतो; यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू असे चौघे नकार देतात, पाचवा पूरू हो म्हणतो. चार नकार झाल्याशिवाय पाचव्याच्या होकाराला वजन येत नाही. खांडेकरांनी 'ययाति' कादंबरीत (१९५९) मुलं दोनच ठेवली, पण निवेदक तीन केले. बापाची हाव बापाच्या तोंडूनही येते आणि बायकांच्याही. कर्नाडांच्या कन्नड नाटकात (१९६१) पूरूची बायको चित्रलेखा आहे. मुलाने तारुण्य देऊन टाकलं, त्याची किंमत तिच्यावर दिसते. त्याग दाखवायचा तर त्याचा भुर्दंड कोणावर पडतो, ते माणूस रंगमंचावर हवंच.

कुकर लावलाय, बाकी नंतर.

खडूफळा
लिहिणाऱ्यांसाठी अगदी व्यवहाराचं सांगतो.
पहिलं, तू की तुम्ही. बऱ्याच घरांत आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही'. पहिल्या पानावर ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. मध्येच 'बाबा, तू' झालं की वाचक थबकतो. मुद्दाम करायचं असेल तर सबंध कथेत एकदाच, आणि जिथे फुटायचं तिथेच.
दुसरं, निरोप आईमार्फत जातात. 'त्याला म्हणावं, मोटर बंद कर.' मुलगा त्याच खोलीत असतो. दोघांना बोलतं करायचं असेल तर आईला लग्नाला पाठवा, दोन दिवसांत दोघे अडतात आणि प्रसंग आपोआप उभा राहतो.
तिसरं, हात मोकळे ठेवू नका. सायकलची चेन, विहिरीवरचा पंप, सातबारा, औषधाची पट्टी, काहीही. समोरासमोर बसवून 'तुम्ही मला कधी समजून घेतलं नाही' लिहिलंत की कथा तिथेच संपली. दोन हजार शब्दांच्या कथेत बापाची वाक्यं पाचसहा शब्दांची पुरतात.

रानमोगरा
सातबाऱ्याला +१. आईला लग्नाला पाठवा हे फार आवडलं 😊

दिवेलागण
हात मोकळे नकोत यावर रशियन लेखक तुर्गेनेव्हची 'फादर्स अँड सन्स' (१८६२) आठवली. तिच्या नायकाचं, बझारोव्हचं, टायफसने मेलेल्या माणसाची चिरफाड करताना बोट कापतं. तो बापाला एवढंच विचारतो, सिल्व्हर नायट्रेट आहे का, जखम जाळायचीय. बाप लष्करातला निवृत्त डॉक्टर. तो पांढराफटक पडतो आणि न बोलता धावत जाऊन कांडी आणतो. पण चार तास उलटून गेलेत. पुढे काय होणार हे दोघांनाही कळतं; लागण झाली असेल तर आता उशीर झालाय, एवढंच बझारोव्ह म्हणतो. बाप डॉक्टर नसता तर त्याला घाबरायला पुढचा ताप लागला असता.

पाणपोई
हा प्रसंग वाचून पुस्तक मिटावंच लागतं. शेवटी म्हातारा-म्हातारी कबरीपाशी येतात ते तर...

उंबरठा
आले परत. नेमाड्यांची कोसला (१९६३) कोणी घेतलीच नाही? पांडुरंगचं वडिलांशी भांडण हिशेबातून चालतं. पुण्यातला खर्च, परीक्षा आणि शेवटी सांगवीला परत. पैसे कोणाचे, हे मुलाला एक क्षणही विसरता येत नाही. शहरात शिकणाऱ्या मुलाची कथा लिहिताना मनिऑर्डर किती आणि कधी येते, हे लेखकाला माहीत हवं.

रानमोगरा
@खडूफळा, 'आबा' चालेल का हो? आमच्याकडे आबा म्हणजे आजोबा.

खडूफळा
चालेल, काही घरांत वडीलच आबा. फक्त पहिल्याच प्रसंगात आबांचं वय कळेल असं काम द्या. आजोबाही कथेत असतील तर त्यांना अण्णा करा, नाहीतर तिसऱ्या पानावर घोळ होतो.