पालिकेच्या निवाऱ्यातल्या कुत्र्यांचे हाल : पाठपुरावा कुठून सुरू करायचा?

रानवारा :
आमच्या नगरपरिषदेचं कुत्र्यांचं निर्बीजीकरण केंद्र एक ठेकेदार संस्था चालवते. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशानंतर शाळा, रुग्णालयं, एसटी स्टँड इथली कुत्रीही उचलून तिथंच आणतात, आणि ती परत त्या जागी सोडायची नाहीत. एकेका पिंजऱ्यात चार-पाच कुत्री, आजारी आणि धडधाकट एकत्रच. आम्ही काही जण मिळून निवेदन देणार आहोत. कुणाला द्यावं? उपयोग होतो का?

आवक-जावक :
निवेदन नंतर, आधी कागद गोळा करा. 'कुत्र्यांचे हाल होतात' एवढंच लिहिलंत तर 'दक्षता घेण्यात येत आहे' असं एका ओळीचं उत्तर येतं आणि फाईल बंद होते.

माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा, म्हणून दोन-तीन अर्ज वेगळे करा. 'का' आणि 'कधी करणार' विचारू नका, ती 'माहिती' नाही म्हणून अर्ज फेटाळतात. प्रती मागा : ठेकेदाराशी केलेला करारनामा, पशुकल्याण मंडळाचं प्रकल्प मान्यता प्रमाणपत्र, आवक नोंदवही, मृत्यूंची नोंद, अदा केलेली देयकं. उत्तराची मुदत 30 दिवस, त्यानंतर पहिलं अपील.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 प्रमाणे केंद्रात आलेल्या कुत्र्याला लगेच क्रमांकाचा पट्टा बांधावा लागतो. त्यामुळे आवक नोंदवही आणि देयकं शेजारी ठेवून क्रमांक जुळवता येतात. बिलात आहे पण नोंदवहीत नाही, असे क्रमांक निघाले तर त्यांची यादी हेच तुमचं निवेदन.

रानवारा :
करारनाम्यात काय बघायचं?

आवक-जावक :
पैसे कशावर मोजले जातात ते. बहुतेक जुन्या ठेक्यांत दर शस्त्रक्रियेमागे रक्कम असते. कुत्रं लवकर सोडलं जाईल, हे त्यात गृहीत धरलेलं. आता कायमची राहणारी कुत्री आली आणि त्यांच्या खाण्याला, औषधाला करारात छदामही नाही. ठेकेदार देवमाणूस असला तरी पिंजरे भरणारच. म्हणून मुख्य मागणी एकच ठेवा : निवाऱ्यात राहणाऱ्या कुत्र्यासाठी प्रतिदिन स्वतंत्र दर आणि एका पिंजऱ्यातल्या कुत्र्यांची कमाल संख्या, पुढच्या निविदेत लेखी. अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यात होते, तेव्हा मागणी डिसेंबरच्या आत पोहोचलेली बरी.

प्रत मुख्याधिकाऱ्यांना, नियमांखालच्या स्थानिक संनियंत्रण समितीला आणि जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला. पोच म्हणून आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

खुरांचा दवाखाना :
आत बघायला मिळालं, तर रडवेल्या डोळ्यांचे फोटो काढण्यापेक्षा पुढच्या गोष्टी टिपून घ्या.

लसीची नोंद उघडून बघा. पुष्कळ ठिकाणी फक्त रेबीजची लस टोचलेली असते. डिस्टेंपर आणि पार्वो या कुत्र्यांच्या संसर्गजन्य रोगांवर तिचा काडीचा उपयोग नाही, आणि दाटीत कुत्री मरतात ती याच दोन रोगांनी. या रोगांवरची एकत्रित लस आल्या दिवशीच द्यायला हवी. आठवड्यानं दिली तर तोवर लागण होऊन गेलेली असते.

दुसरं, फरशी कशानं धुतात? फिनाईलचा वास आला की लोकांना स्वच्छ वाटतं, पण पार्वोचा विषाणू त्यानं मरत नाही. आधी विष्ठा पूर्ण खरवडून, साबणाच्या पाण्यानं धुवायचं. मग 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराईट (क्लोरीनचं ब्लीच) एका लिटर पाण्यात 30 मिली, 10 मिनिटं ओलं ठेवून पुन्हा साधं पाणी. घाण तशीच ठेवून ओतलं तर क्लोरीन त्या घाणीतच संपतं. उन्हात ठेवलेल्या कॅनचा जोरही उतरतो. कुत्रं आत असताना ओतायचं नाही, आणि ॲसिडमध्ये तर कधीच मिसळायचं नाही.

सफाईचा क्रम विचारा : आधी पिल्लं, मग धडधाकट, शेवटी आजारी. आजारी विभागाचा झाडू आणि गमबूट वेगळे. एकच झाडू सगळीकडे फिरत असेल तर वेगळा कक्ष नुसता नावाला.

पाण्याचं भांडंही बघा. 15 किलोच्या कुत्र्याला दिवसाला पाऊण ते एक लिटर लागतं, उन्हाळ्यात जास्त. पाच जणांत एकच भांडं असलं की दांडगं कुत्रं त्याच्यापुढे ठिय्या देतं, बुजरं तहानलेलं राहतं.

कट्ट्यावरचा :
1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा नोंदवून मोकळे व्हा की.

आवक-जावक :
अपुरा पिंजरा, अन्नपाणी न देणं हे कलम 11 मध्ये बसतं, पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. मारहाण करून जायबंदी केलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 आहे, तिथं शिक्षा पाच वर्षांपर्यंत. दाटीसाठी मात्र पोलीस ठाण्यापेक्षा निविदेचा कागद जास्त कामाचा.

आणि व्हिडिओ व्हायरल करायची घाई नको. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप लागतं, नंतर समितीलाही आत घेताना खळखळ करतात. नोंदवह्या बघायला सोमवारी दुपारी 3 ते 5 कार्यालयात जा. नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयानुसार त्या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. जाताना कुठली नोंदवही पाहायची ते कागदावर लिहून न्या, नाहीतर संबंधित लिपिक नेमका रजेवर असतो.