'बटीक' म्हणजे नेमकं कोण?

प्रश्न : 'तपासयंत्रणा सरकारची बटीक झाली आहे' अशी वाक्यं अग्रलेखांत सारखी येतात. बटीक म्हणजे मोलकरीण की आणखी कुणी? २५ मार्च हा गुलामगिरीच्या बळींचा स्मरणदिन. त्या निमित्ताने आपल्याकडच्या गुलामीचे शब्दही कळले तर बरं.

उत्तर : मोलकरीण नक्कीच नाही. मोल घेऊन काम करते ती मोलकरीण. बटकीचं मोल दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात पडलेलं असे. मोल्सवर्थच्या कोशातही बटीक म्हणजे गुलाम स्त्री.

पेशवाईच्या कागदांत 'कुणबीण' हा शब्द अधिक भेटतो. तिथे तो कुणब्याच्या बायकोसाठी नसतो. स्वारीत धरून आणलेल्या, दुष्काळात घरच्यांनीच विकलेल्या, शिंदळकीचा म्हणजे व्यभिचाराचा ठपका ठेवून सरकारजमा केलेल्या बायका म्हणजे कुणबिणी. कोठी, अंबारखाना, पागा, इमारतीचं बांधकाम अशा खात्यांत त्यांना राबवत. कुणाला बक्षीस म्हणूनही देऊन टाकत. शनिवारवाडा बघताना आपण कारंजी मोजतो. तिथलं दळणकांडण कुणी केलं हे कुणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कुणबिणीच्या पोटी जन्मला तो 'लेकावळा'. त्याच्याच जवळचा शब्द 'अकरमासा'. मासा हे सोनं तोलायचं जुनं वजन. तोळा बारा माशांचा, म्हणून अकरा माशांचा तो जन्मानेच उणा. आईवर लादलेली गुलामी लेकराच्या नावाला अशी चिकटली, आणि पुढे सोयरिकी जुळवतानाही लोक ती उकरून काढत राहिले.

प्रतिसाद : मग 'दासी' हा शब्द पवित्र कसा वाटतो?

उत्तर : तो जनाबाईमुळे. 'नामयाची दासी' असं ती स्वतः म्हणवून घेते, आणि तिचा धनी पंढरीचा. बटकीने असं स्वतःहून काही म्हटल्याचं मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. कागदावर तिच्याबद्दल लिहिणारा नेहमी कारकून. म्हणूनच यंत्रणेला बटीक म्हणणं मला पटत नाही. अधिकाऱ्याला पगार असतो, त्याला राजीनामा देता येतो. त्याला ताटाखालचं मांजर म्हणा, हुजऱ्या म्हणा. ज्या बाईला निघून जायची सोयच नव्हती तिचं नाव त्याला कशाला?

प्रतिसाद : थोडं कायद्याविषयी. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी बंद केली, पण त्यातून कंपनी सरकारचा मुलूख वगळला होता. इथे १८४३ चा कायदा आला आणि माणसावरची मालकी कोर्टाने मानणं थांबलं. गुलाम विकत घेणं-विकणं हा गुन्हा ठरला १८६० च्या दंडसंहितेत. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हा इथे तो गुन्हा ठरून जेमतेम तेरा वर्षं झाली होती.

प्रतिसाद : या यादीत 'लग्नगडी' घ्याच. ठाणे-पालघरकडे आदिवासी पोरगा लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेई आणि फेडीपोटी त्याच्याकडे राबायला जाई. बायकोही जुंपली जाई. वही सावकाराची, हिशेब सावकाराचा, त्यामुळे कर्ज फिटायचंच नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा, पण त्यानंतरही या भागातून वेठबिगार सोडवावे लागले. 'गडी' हा शब्द आपण अजून घरगड्यासाठी सहज वापरतो. या जोडशब्दात मात्र तो कर्जात बांधलेला माणूस आहे. तसाच अर्थ द्या, नुसतं 'नोकर' लिहू नका.