ठाण्यातील सदनिकेसाठी ‘इंडस्ट्रियल’ आणि ‘स्कँडिनेव्हियन’ सजावट : प्लास्टर काढावे का, पाइन वापरावे का?

पिंपळपान (प्रश्न)

नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत घेतलेल्या सदनिकेचा ताबा आम्हांला गेल्या महिन्यात मिळाला. चटईक्षेत्र ६४० चौरस फूट, दोन शयनगृहे, दिवाणखान्याला पश्चिमेकडे एकच मोठी खिडकी आणि जमिनीपासून स्लॅबपर्यंत साडेनऊ फूट उंची, असे घर आहे. मी, माझे पती, सासूबाई आणि सातवीत शिकणारा मुलगा असे चौघे तेथे राहणार आहोत.

आम्हां दोघांना दोन शैली मनापासून आवडतात. एकीत, म्हणजे ‘इंडस्ट्रियल’मध्ये, उघड्या विटांची भिंत, छताखालून जाणारे काळे पाइप आणि लोखंडी चौकटीचे फर्निचर असते; दुसरीत, म्हणजे ‘स्कँडिनेव्हियन’मध्ये, पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड आणि मोजक्याच वस्तू असतात. दिवाणखान्याच्या एका भिंतीचे प्लास्टर काढून विटा उघड्या कराव्यात, पीओपीचे छत करूच नये आणि कपाटे, टेबल, बाक पाइनचे करून घ्यावेत, असा आमचा विचार आहे. सासूबाईंनी आराखडा शांतपणे पाहिला आणि दोनच गोष्टी विचारल्या : देवघर कोठे असेल, आणि पाहुण्यांना घराचे काम अर्धवट राहिले असे तर वाटणार नाही ना? दोन्ही प्रश्नांची नीट उत्तरे मला देता आली नाहीत. सुताराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

ओळंबा

आपल्या प्रश्नांपैकी प्लास्टरचा प्रश्न सर्वांत तातडीचा आहे, कारण बाकी सर्व चुका पुढे दुरुस्त करता येतात. मी ठाणे-डोंबिवली परिसरात अठरा वर्षे वास्तुविशारद म्हणून काम करीत आहे आणि प्लास्टरच्या आत लाल विटा असणारच असे धरून चालणारी कुटुंबे मला दर वर्षी भेटतात. अलीकडच्या उंच इमारतींत भिंती बहुतेक वेळा एएसी ब्लॉकच्या (आत हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटच्या), म्हणजे मिस्त्री ज्यांना सर्रास ‘सिपोरेक्स’ म्हणतात त्या ठोकळ्यांच्या असतात. त्यांच्यावरचे प्लास्टर काढले तर आत राखाडी, सच्छिद्र आणि कडेला सहज झडणारा ठोकळा दिसेल. काही इमारतींत तर भिंती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्याच असतात. तेथे छिन्नी लावणे म्हणजे इमारतीच्या सांगाड्याला हात घालणे होय. बांधकामाचा नकाशा विकासकाकडून किंवा सोसायटीकडून मागवून घ्यावा आणि तो हाती येईपर्यंत हातोडा उचलू देऊ नये.

भिंत खरोखर विटांची निघाली तरी आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे प्लास्टरखाली जाणारी वीट दिसण्यासाठी भाजलेली नसते. तिचे कोपरे तुटलेले असतात, सांधे मनाला येतील तसे भरलेले असतात आणि पावसाळ्यात ओल आली की विटेतले क्षार पृष्ठभागावर येऊन लोणा लागतो. तो पांढरा भुगा ब्रशने झाडला तरी पुढच्या पावसाळ्यात परत येतो. त्यावर वॉर्निश मारून ओल आत कोंडली तर विटेचा पापुद्रा सुटू लागतो.

आत नवी साडेचार इंची विटांची भिंत बांधू, असे कोणी सुचवील. त्यावर मला इतकेच म्हणायचे आहे की दहा फूट लांब आणि दहा फूट उंच अशा भिंतीचे वजन सुमारे दोन टन होते आणि तेवढा भार नको त्या ठिकाणी पेलण्यासाठी आपला स्लॅब योजलेला नसतो. दीड-दोन सेंटिमीटर जाडीच्या, खऱ्या मातीच्या भाजलेल्या विटांच्या टाइल मिळतात. त्या एकाच भिंतीवर, बाहेरून ओल न येणाऱ्या बाजूस लावाव्यात. वीट दिसेल आणि ती वीटच असेल.

पीओपीचे छत न करण्याचा आपला निर्णय मला पूर्ण पसंत आहे; मात्र ‘स्लॅब उघडा ठेवणे’ आणि ‘स्लॅबचे प्लास्टर फोडणे’ यांत गल्लत होऊ देऊ नये. सळयांवरचे काँक्रीटचे आवरण हे त्यांचे गंजापासूनचे संरक्षण असते आणि छिन्नी चालली की तेच पातळ होते. आहे त्या स्लॅबला रंग द्यावा आणि विजेच्या तारा लोखंडी नळ्यांतून उघड्यावर न्याव्यात. या नळ्या भिंतीला समांतर आणि सरळ हव्यात, वळणे मोजकी हवीत आणि पकडींचे अंतर सारखे हवे. पीओपीआड सगळे झाकले जाते, म्हणून वायरमनला वाकडेपणाची सवय झालेली असते. येथे प्रत्येक वाकडी नळी रोज डोळ्यांसमोर राहील, म्हणून खडूने आखून घेतल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये.

ही ‘इंडस्ट्रियल’ शैली मुळात कशातून आली हेही सांगतो, कारण उंचीचा मुद्दा त्याला जोडलेला आहे. न्यूयॉर्कच्या सोहो भागातील ओतीव लोखंडी खांबांच्या इमारतींमधून गोदामे आणि छोटे कारखाने हलले, तेव्हा १९६० च्या दशकात चित्रकार आणि शिल्पकार त्या ओस जागांत राहू लागले. तेथे मोठ्या खिडक्या होत्या, खांबांमधले अंतर मोठे होते आणि भाडे कमी होते. तेथे राहणे तेव्हा नियमात बसत नव्हते. शहराने कलावंतांना परवानगी दिली ती १९७१ मध्ये. डोनाल्ड जड या कलावंताने १९६८ मध्ये स्प्रिंग स्ट्रीटवरची १०१ क्रमांकाची, १८७० साली बांधलेली पाच मजली इमारतच विकत घेतली. पाइप उघडे राहिले ते मुख्यतः झाकायला पैसे नव्हते म्हणून, आणि ते शोभले ते छत खूप उंच होते म्हणून. साडेनऊ फुटांच्या खोलीत छत काळे केले तर ते डोक्यावर उतरल्यासारखे वाटते. छत आणि नळ्या दोन्ही भिंतींच्याच रंगात ठेवाव्यात आणि काळा रंग खिडकीच्या चौकटी, दिव्यांच्या कमानी, शेल्फचे सांगाडे अशा बारीक रेषांपुरता वापरावा.

सागरगोटा

मी मूळची साताऱ्याची. गेली अकरा वर्षे स्टॉकहोममध्ये राहते. येथील घरे ज्यांना छायाचित्रांतून आवडतात त्यांना मी नेहमी डिसेंबरबद्दल सांगते. त्या महिन्याच्या उत्तरार्धात येथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीनच्या आधी मावळतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर असतो. आपल्या ठाण्यात त्याच दिवशी तो सत्तेचाळीस अंशांवर असतो. येथील पांढऱ्या भिंती, फिकट बर्च आणि पाइन, पडद्यांवाचून मोकळ्या ठेवलेल्या खिडक्या या सगळ्यांमागे तो तोकडा प्रकाश खोलीच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचवण्याची धडपड आहे. आपल्या पश्चिमेच्या खिडकीतून एप्रिलमध्ये चार वाजता येणारे ऊन चकचकीत पांढऱ्या भिंतीवर पडले तर डोळे दिपतील. तेथे मॅट रंगाचा, किंचित पिवळसर असा मोतिया पांढरा निवडावा आणि खिडकीला जाडसर सुती किंवा खादीचा पडदा लावावा.

दिव्यांकडे मात्र येथील लोक ज्या बारकाईने पाहतात तेवढे आपण पाहत नाही, आणि ही गोष्ट मला आवर्जून सांगावीशी वाटते. माझ्या शेजारच्या आजी नोव्हेंबरात दुपारी साडेतीनला स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कठड्यावरचा छोटा दिवा लावतात, मग जेवणाच्या टेबलावरचा, मग वाचण्याच्या खुर्चीजवळचा. छताच्या मधोमध दिवा त्यांच्या घरात नाहीच. संध्याकाळी खोलीत उजेडाची तीन तळी असतात आणि त्यांच्यामध्ये मऊ अंधार असतो. डेन्मार्कच्या पॉउल हेनिंगसन यांनी १९२० च्या दशकापासून एकावर एक रचलेल्या वक्र शेडचे दिवे याच विचाराने केले : टेबलाशी कोणत्याही जागी बसले तरी बल्ब डोळ्यांत खुपू नये. त्यांचा १९५८ सालचा पीएच ५ हा दिवा येथे अनेक घरांत जेवणाच्या टेबलावर, हाताला लागेल इतका खाली टांगलेला दिसतो. आपण तो विकत घ्यावा असे मी मुळीच म्हणत नाही; पण २७०० केल्विनचे पिवळसर बल्ब, तीन-चार वेगळ्या जागी, वेगळ्या बटनांवर घेतले तर त्या छायाचित्रांतले जे आपल्याला आवडले आहे त्याचा निम्मा भाग तेवढ्यानेच साधेल.

लाकडाबद्दल एकच सांगते. फिनलंडचे अल्वार आल्तो यांनी १९३३ मध्ये तीन पायांचे जे स्टूल केले, त्याचे पाय बर्चचे आहेत, कारण बर्च त्यांच्या दारात उगवत होता; ते लाकूड काटकोनात वाकवण्याची युक्ती शोधण्यात त्यांनी वर्षे घालवली. आपल्या दारात काय उगवते, हा प्रश्न आपणही सुताराला विचारावा.

आंबोशी

वरील प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे. माझे घर रत्नागिरीत, समुद्रापासून दीड किलोमीटरवर आहे. सहा वर्षांपूर्वी मी पाइनचे पुस्तकांचे शेल्फ हौसेने करून घेतले आणि लाकूड नैसर्गिक दिसावे म्हणून त्याला जवसाचे तेल दिले. दुसऱ्या श्रावणात शेल्फच्या पाठीवर काळ्या ठिपक्यांची बुरशी धरली आणि मधली फळी बशीसारखी वाकली. दमट हवेत ते तेल बुरशीला पोसते हे मला नंतर कळले.

त्यानंतर आमच्या सुताराने शिवणीचे लाकूड सुचवले. शिवण आपल्याकडचीच; रंगाने फिकट, मलईकडे झुकणारी, वजनाला हलकी आणि नीट वाळवली तर फारशी न वाकणारी. तिचा बाक चार पावसाळे काढून आजही सरळ आहे. पॉलिश पीयूचे (पॉलियुरेथेनचे), मॅट घ्यावे, आणि कोणतेही कपाट भिंतीपासून दोन बोटे पुढे ठेवावे म्हणजे मागून हवा खेळते. मोठ्या कपाटांसाठी प्लायवूडच घ्यावे. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघराच्या भिंतीला लागून आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवूडच्या भारतीय मानकाचा, शिक्का पाहूनच घ्यावे.

लोखंडाच्या बाबतीत सर्व वेल्डिंग आणि घासकाम संपल्यावरच पावडर कोटिंग करून घ्यावे. माझ्या टेबलाचा एक पाय घरी आणल्यावर लहान वाटला म्हणून फॅब्रिकेटरने तेथेच जोड दिला आणि वर काळा रंग फासला. रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली जाते, त्यामुळे त्याच पायाखाली वर्षभरात तांबूस चौकोन उमटला आणि तो फरशीच्या पांढऱ्या सांध्यांत इतका मुरला की आजही दिसतो. पायांना रबरी बूट जरूर लावावेत.

धोटा

माझे वडील परळच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात (मागांच्या विभागात) होते आणि मी लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलो, म्हणून ‘इंडस्ट्रियल’ शैलीविषयी मला दोन शब्द लिहावेसे वाटतात. गिरणीच्या करवतीच्या दात्यांसारख्या छपराची काचेची बाजू उत्तरेकडे असे, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो आणि सुताची गाठ विणकराला स्पष्ट दिसते. लोखंड, लाकूड आणि काच तेथे कामासाठीच होती. वडिलांनी जपून ठेवलेला धोटा (मागावर आडवे सूत इकडून तिकडे नेणारे साधन) आज माझ्या घरात आहे : वीतभराहून थोडा लांब, घट्ट लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणे आणि मध्यभागी कांडीसाठी कोरलेला खळगा, ज्याच्या कडा सुताने घासून आरशासारख्या झाल्या आहेत.

आपणांस विनंती अशी की शोभेसाठी खोटे पाइप, खोटे दातेरी चाक किंवा जुनाट दिसावा म्हणून मुद्दाम चढवलेला गंज घरात आणू नये. नळीतून तार जावी आणि कमानीला दिवा असावा. आणि घरात एखादे जुने पोलादी कपाट असेल तर ते टाकू नये. गोदरेजची अशी कपाटे १९२३ पासून होत आली आहेत आणि मराठी घरांत पिढ्यानपिढ्या लग्नाच्या साड्या, दस्तऐवज आणि दागिने सांभाळत उभी आहेत. त्याचा जुना रंग उतरवून ते मॅट राखाडी करून घेतले तर आपल्या दिवाणखान्यात त्याच्याइतकी अस्सल वस्तू दुसरी नसेल.

पिंपळपान

आपणां सर्वांचे मनःपूर्वक आभार. ओळंबा यांच्या सांगण्यावरून विकासकाकडून नकाशा मागवला. भिंती एएसी ब्लॉकच्याच निघाल्या. प्लास्टर काढण्याचा बेत रद्द केला असून शयनगृहाच्या बाजूच्या आतल्या भिंतीवर विटांच्या टाइल लावायचे ठरले आहे. पाइनऐवजी शिवणीचा बाक आणि टेबल होईल. त्यासाठी सुतार कोकणातून वाळवलेले लाकूड आणणार आहे.

सासूबाईंचे पोलादी कपाट त्या गावच्या घरी ठेवून येणार होत्या. ‘धोटा’ यांचा प्रतिसाद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला आणि मग कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली. रंग राखाडी चालेल, पण दारावरचा आरसा काढायचा नाही, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते आम्हांला मान्य आहे.

देवघर विटांच्या भिंतीत, पूर्वेकडे तोंड करून बसता येईल असे, शिवणीच्या एका जाड फळीवर करणार आहोत. त्याच्यावर स्वतंत्र बटनाचा एक छोटा पिवळसर दिवा असेल. समईची काजळी टाइलवर धरू नये म्हणून मागे पितळेचा पत्रा लावावा की काळ्या कडाप्प्याची लादी, एवढे ओळंबा यांनी सांगितले तर सोमवारी सुताराला कळवता येईल.

ओळंबा

कडाप्पा घ्यावा. पितळेचा पत्रा दर आठवड्याला घासावा लागेल आणि घासताना टाइलचे सांधे खराब होतील. लादी फळीपासून दीड फूट उंच आणि समईच्या दोन्ही बाजूंस वीतभर रुंद असावी, आणि पॉलिश न करता नुसती घासून गुळगुळीत केलेली असावी, म्हणजे ओल्या फडक्याने काजळी निघून जाईल.