एकचाकी सायकल ही ‘सायकल’ आहे का?

विषय : आवारातील सायकलबंदी – सल्ला हवा आहे

सर्व सभासदांस, स. न. वि. वि.

मी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहतो आणि वर्गाला एकचाकी सायकलवरून जातो. गेल्या आठवड्यात सुरक्षारक्षकाने मला अडवले आणि आता माझ्याकडून लेखी खुलासा मागवला आहे. नियम असा आहे : “आवारातील पदपथांवर सायकल, स्केटबोर्ड व रोलर स्केट्स चालवण्यास मनाई आहे.” व्याख्यांच्या कलमात “सायकल म्हणजे पायाने चालवायचे दोन चाकांचे वाहन” असे लिहिले आहे. माझ्या वाहनाला एकच चाक आहे. एवढ्या आधारावर मी निर्दोष ठरेन का, हे मंडळातील जाणकारांनी कृपया सांगावे.

आपला,
एक विद्यार्थी सभासद

उत्तर : आवारातील सायकलबंदी

स. न. वि. वि.

मी वकिली सोडून बरीच वर्षे झाली, पण शब्दांचा कीस पाडण्याची सवय सुटलेली नाही, म्हणून लिहितो. आपली बाजू वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. व्याख्येत ‘म्हणजे’ हा शब्द आहे. त्याऐवजी ‘यात समावेश होतो’ असे लिहिले असते, तर व्याख्या बाहेरच्या वस्तूंसाठी उघडी राहिली असती. ‘म्हणजे’ने ती बंद होते. शिवाय यादीच्या शेवटी ‘किंवा तत्सम साधन’ हे शब्द नाहीत. ते असते, तर एकचाकी त्यांत सहज सापडली असती. ज्या नियमाच्या भंगाला शिक्षा आहे, त्याचा अर्थ संशयाच्या जागी ताणू नये, हे तत्त्व जुने आहे. १९३१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे चोरीचे विमान एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेल्याचा खटला आला होता. मोटारचोरीच्या १९१९ च्या कायद्यात ‘स्वयंचलित वाहन’ असे मोघम शब्द होते. तरीही सामान्य माणसाच्या मनात ‘वाहन’ म्हटल्यावर जमिनीवरून धावणारी वस्तूच उभी राहते, असे सांगून न्यायमूर्ती होम्स यांनी आरोपीची शिक्षा रद्द केली.

तरीही एवढ्यावर विसंबून राहू नये. नियम कशासाठी आहे, हेही न्यायालये पाहतात, आणि त्यामुळे एकाच वस्तूचे दोन अर्थ निघू शकतात. इंग्लंडमध्ये १८७९ साली बेफाम हाकण्याच्या गुन्ह्यासाठी सायकल ही ‘गाडी’ ठरली. पुढच्याच वर्षी पथकराच्या प्रकरणात ती ‘गाडी’ ठरली नाही. आपल्याकडील नियमाचा हेतू पायी चालणाऱ्यांना धक्का लागू नये हा आहे, आणि धक्का देताना चाकांची संख्या कोणी मोजत नाही.

कळावे, लोभ असावा.

उत्तर : आवारातील सायकलबंदी

स. न. वि. वि.

एक शंका आहे. मनाई ‘चालवण्यास’ आहे. मग सायकल हातात धरून नेली, किंवा एक पाय पेडलवर ठेवून दुसऱ्या पायाने रेटत नेली, तर?

उत्तर : आवारातील सायकलबंदी

पहिल्या प्रकाराला हरकत नाही, दुसऱ्याला आहे. १९८० च्या एका इंग्रजी निकालात सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी महिला पादचारीच ठरली. पण तिने एक पाय पेडलवर ठेवून सायकल रेटत नेली असती तर ती पादचारी ठरली नसती, असेही न्यायालयाने त्याच वेळी नोंदवले.

उत्तर : आवारातील सायकलबंदी

स. न. वि. वि.

या पळवाटा वाचायला गंमत वाटते, पण पुढचे पाऊल काय असेल ते मला दिसते आहे. प्रशासन चिडून ‘चाके असलेल्या सर्व साधनांना मनाई’ असे लिहील आणि माझी बाळाची ढकलगाडी, कोणाची चाकांची खुर्ची, सुट्टीला निघालेल्यांच्या चाकांच्या बॅगा, सगळ्यांवर बंदी येईल. हार्ट नावाच्या विधिज्ञाने १९५८ साली ‘उद्यानात वाहनांना मनाई’ या साध्या वाक्यावरून हाच पेच मांडला होता : मोटार तर नकोच, पण सायकल, स्केट्स, खेळण्यातली मोटार यांचे काय? त्यावर फुलर या दुसऱ्या विधिज्ञाने विचारले की, महायुद्धातला चालू स्थितीतला ट्रक स्मारक म्हणून चौथऱ्यावर ठेवला तर नियमभंग होईल का. वस्तूंची नावे मोजणारा नियम कुठेतरी गळतोच. खुलाशासोबत आपणच मसुदा द्यावा : “पदपथावर कोणत्याही साधनाने चालण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने जाऊ नये.” त्यात ढकलगाडी आपोआप सुटते.

उत्तर : आवारातील सायकलबंदी

सर्वांचे मनःपूर्वक आभार.

मसुदा जोडून खुलासा आज दिला. चालण्याच्या वेगात एकचाकीवर तोल सांभाळणे जमते, त्यामुळे ती अट मला मान्य आहे. खुलासा लिहिण्यापूर्वी सकाळी त्या जागी पुन्हा गेलो होतो. ‘पदपथ’ या शब्दाची नियमावलीत व्याख्याच नाही, आणि रक्षकाने मला अडवले ती जागा स्वयंपाकघरात माल पोहोचवणाऱ्या गाड्यांच्या रस्त्यावर आहे. हे मी खुलाशात पहिल्याच वाक्यात लिहिले. चाकांच्या संख्येचा मुद्दा शेवटी ठेवला.

आपला,
एक विद्यार्थी सभासद